शेरात किती कोळवी?

आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर आजीची चार मापं ओळीनं उभी आहेत. शेर, मापटं, चिपटं आणि कोळवं. पितळेची, सरळ अंगाची, काठ वापरून वापरून गुळगुळीत झालेले. शेराला एका बाजूनं बारीकसा पोचा आहे, तरी आतून पट्टी लावली की तोंड १२ सेंटीमीटर आणि खोलीही १२ सेंटीमीटर भरते. कोळवं त्याच्या बरोबर निम्मं आहे. तोंड ६, खोली ६.

गेल्या उन्हाळ्यात शेजारची चौथीतली मुलगी दुपारी खेळायला आली होती. तिच्यापुढे शेर आणि कोळवं ठेवून मी विचारलं, ‘‘या शेरात किती कोळवी तांदूळ मावतील?’’ तिनं आधी दोन्ही मापं शेजारी शेजारी लावली, मग कोळव्यावर बोट आडवं धरून शेरावर खूण केली आणि ठामपणे म्हणाली, ‘‘दोन.’’ तिचा हिशेब चुकीचा नव्हता, फक्त अपुरा होता. उंची खरोखरच दुप्पट होती.

मी तांदळाचा डबा पुढे सरकवला. तिनं एक कोळवं ओतलं, दुसरं ओतलं, आत वाकून पाहिलं आणि काहीतरी चुकलंय अशा नजरेनं माझ्याकडे बघितलं. शेराच्या तळाशी तांदळाचा तीन बोटांपेक्षाही कमी थर होता. चौथ्या कोळव्याला शेर निम्मा झाला. आठवं ओतलं तेव्हा तांदूळ काठाशी आले. तिनं शेर रिकामा करून पुन्हा पहिल्यापासून भरला. पुन्हा आठच.

हाच प्रश्न मी घरी येणाऱ्या मोठ्या माणसांनाही विचारत आलो आहे. उत्तर बहुतेक वेळा ‘चार’ येतं. आठ क्वचित. ज्यांनी लहानपणी अंकलिपीतली कोष्टकं पाठ केली ते मात्र डोळे मिटून सांगतात: दोन कोळवी म्हणजे एक चिपटं, दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर. पुढे दोन शेरांची अडशिरी आणि दोन अडशिऱ्यांची पायली. गावोगावचा शेर निराळा असे, एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीशी जुळेलच असं नव्हतं. पण दुपटीची ही साखळी पक्की होती. आणि या साखळीत एक गोष्ट दडलेली आहे, जी कोष्टक पाठ असलेल्यांनाही सहसा दिसत नाही.

चारही मापं ओळीनं मोजली तर तोंडाची रुंदी अशी येते: कोळवं ६, चिपटं साडेसातच्या जरा पुढे, मापटं साडेनऊ, शेर १२. खोलीही तशीच. म्हणजे प्रत्येक पायरीला धान्य दुप्पट होतं, पण भांडं मात्र सव्वापटच वाढतं. सव्वा गुणिले सव्वा गुणिले सव्वा करून पाहा, १.९५ येतं. दोनाला जेमतेम कमी. काटेकोर आकडा १.२६ आहे, दोनाचं घनमूळ. पण घरच्या हिशेबाला सव्वाच बरा, कारण तो लक्षात राहतो. भांडं सगळ्या बाजूंनी सव्वापट मोठं झालं की माल दुप्पट मावतो. दीडपट झालं की सव्वातीनपटीहून जास्त. दुप्पट झालं की आठपट. म्हणूनच तीन पायऱ्यांनी माप अंगानं दुप्पट होतं: कोळव्याच्या दुप्पट शेर, चिपट्याच्या दुप्पट अडशिरी, मापट्याच्या दुप्पट पायली.

हे असं का होतं, ते समजायला भाकऱ्यांची चवड बरी पडते. एकावर एक सारख्या आकाराच्या भाकऱ्या रचल्या की दंडगोल तयार होतो. शाळेत आपण दंडगोलाचं घनफळ म्हणजे पायाचं क्षेत्रफळ गुणिले उंची असं शिकतो, ते म्हणजे एका भाकरीचा आकार गुणिले भाकऱ्यांची संख्या. आता दहा भाकऱ्यांच्या जागी वीस रचल्या तर चवड दुप्पट उंच होईल आणि पीठही दुप्पटच लागेल. इथवर डोळ्याला सगळं बरोबर दिसतं. पण भाकऱ्या दहाच ठेवून प्रत्येक भाकरी दुप्पट रुंद थापली, जाडी तीच ठेवली, तर? एका वीतभर भाकरीच्या जागी दोन वीत भाकरी. ती आडवीही दुप्पट आणि उभीही दुप्पट, म्हणजे पीठ चौपट. थापणाऱ्या बाईला हे सांगावं लागत नाही, तिच्या हाताला गोळ्याचं वजन कळतं. रुंदी दुप्पट केली की चौपट, वर उंचीही दुप्पट केली की आणखी दुप्पट. चार दुणे आठ. सूत्रात त्रिज्येचा वर्ग असतो आणि उंची नुसती एकदा येते, त्याचा अर्थ एवढाच आहे.

आपला डोळा मात्र उंचीला मान देतो. साधा स्टीलचा पेला घ्या. त्याच्या काठाभोवती एक दोरा गुंडाळा, तेवढाच तोडा आणि तो पेल्याला उभा लावून बघा. करण्याआधी अंदाज बांधा. बहुतेकांना वाटतं, दोरा पेल्याएवढा किंवा थोडा कमीच भरेल. प्रत्यक्षात तो पेल्याच्या वर हातभर उभा राहतो असं म्हणवत नाही, पण दुप्पट तरी सहज भरतो. काठ ७ सेंटीमीटर रुंद असेल तर घेर २२ सेंटीमीटर असतो, आणि असा पेला सहसा १० ते ११ सेंटीमीटरच उंच असतो. स्वित्झर्लंडच्या जाँ पियाजे या मानसशास्त्रज्ञानं लहान मुलांसमोर बुटक्या भांड्यातलं पाणी उंच, अरुंद भांड्यात ओतलं, तेव्हा मुलं पाणी वाढलं असं म्हणाली. सात-आठ वर्षांची झाली की मुलं ही चूक करत नाहीत, पाणी तेच आहे हे त्यांना कळतं. पण दोन वेगळी भांडी शेजारी ठेवली, तर कुठल्यात जास्त मावतं हे सांगताना मोठी माणसंही उंच भांड्याकडेच झुकतात. बाजारात लोणच्याची उंच बरणी आणि बुटकी बरणी शेजारी दिसली की मी अजूनही लेबलावरचा आकडाच वाचतो. डोळ्यावर विसंबत नाही.

आता शिगेकडे येऊ. मला या सगळ्या विषयात सर्वांत आवडणारा भाग हाच आहे. पूर्वी धान्य मोजताना माप काठोकाठ भरून थांबत नसत, वर शीग, म्हणजे धान्याचा निमुळता ढीग, येईपर्यंत ओतत. शिगोशीग भरलेलं माप म्हणजे उदारपणाची खूण. सपाट मोजणारा दुकानदार गावात कंजूष ठरायचा. ही शीग म्हणजे नेमकी किती?

त्याचं उत्तर साडेआठशे वर्षांहून जुनं आहे. भास्कराचार्यांचा जन्म १११४ सालचा. सिद्धान्तशिरोमणी हा ग्रंथ त्यांनी वयाच्या ३६ व्या वर्षी, म्हणजे ११५० मध्ये पूर्ण केला, आणि ‘लीलावती’ हा त्याचाच भाग. चाळीसगावजवळच्या पाटणला देवळात त्यांचे नातू चांगदेव यांचा शिलालेख आहे; आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद त्यात आहे. लीलावतीत राशिव्यवहार नावाचं एक छोटंसं प्रकरण येतं, खळ्यातल्या धान्याच्या राशीचं. रीत अशी: राशीभोवती फिरून तिचा परिघ मोजायचा, त्याचा सहावा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि राशीच्या उंचीनं गुणायचं. झालं घनफळ. उंची मोजायचीही गरज नाही. जाड धान्याची रास परिघाच्या दहाव्या भागाएवढी उंच, बारीक धान्याची अकराव्या भागाएवढी आणि कुसळाच्या धान्याची नवव्या भागाएवढी.

हे वाचलं की माझ्यासमोर खळं उभं राहतं. हरभरा ओतला की तो ठरावीक उतारावरच थांबतो, त्याहून उभी रास करू गेलं तर दाणे घरंगळतात. कुसळाचं धान्य एकमेकांत अडकतं, म्हणून जरा उभं राहतं. मोहरीसारखं बारीक आणि गुळगुळीत धान्य जास्त पसरतं. प्रत्येक धान्याचा स्वतःचा उतार असतो. हिशेबात परिघ व्यासाच्या तिप्पट धरला आहे, तोही खळ्यावर सोयीचा म्हणून. परिघ व्यासाच्या ३९२७ भागिले १२५० पट, म्हणजे ३.१४१६ पट, हे त्याच ग्रंथात त्यांनीच दिलेलं आहे. आणि हातांत मोजलेल्या राशीचं उत्तर घनहस्तांत आलं की ते तसंच खारीत सांगता येत असे, कारण एक हात लांब, एक हात रुंद, एक हात उंच अशा जागेत मावेल ते धान्य म्हणजे मगधाची खारी, अशी त्यांची व्याख्याच होती.

भास्कराचार्यांची ही रीत आजीच्या शेरावर लावून पाहू. शेराचं तोंड १२ सेंटीमीटर, घेर ३७.७, तर हरभऱ्याची शीग त्याच्या दहाव्या भागाएवढी, म्हणजे पावणेचार सेंटीमीटर उंच. अशा शंकूत सुमारे १४० घन सेंटीमीटर हरभरा राहतो. शेरात स्वतःत १,३५७ घन सेंटीमीटर मावतं. म्हणजे शीग शेराच्या दहा टक्क्यांच्या थोडी वर.

आता तोच शेर पसरट केला तर? तोंड १८ सेंटीमीटर, खोली फक्त साडेपाचच्या आत. सपाट भरलं तर माल तेवढाच, १,३५७. पण शीग आता १८ सेंटीमीटरच्या तोंडावर उभी राहणार. तोंड दीडपट झालं, शिगेची उंचीही दीडपट झाली, म्हणजे शीग सव्वातीनपटीहून जास्त. जवळपास ४८० घन सेंटीमीटर. शेराच्या ३५ टक्के! एकाच मापानं, एकाच शिगेच्या रिवाजानं, नुसत्या रुंदीच्या फरकानं चौथाई शेर इकडचा तिकडे. पोलंडचे इतिहासकार विटोल्ड कुला यांनी मापांच्या इतिहासावर जो ग्रंथ लिहिला, त्यात युरोपातल्या शेतकऱ्यांची गाऱ्हाणी याच जातीची आहेत. सारा घेताना रुंद तोंडाचं माप आणि शीग, देताना अरुंद माप आणि सपाट काठ. अन्याय करायला माप खोटं असावं लागत नाही, त्याचा आकार बदलला तरी पुरतं.

आणि म्हणूनच आजीच्या चारही मापांचा घाट एकच आहे याचं मला मोल वाटतं. घाट एकच असला की शीगही त्याच प्रमाणात वाढते. कोळव्याच्या शिगेच्या आठपट शेराची शीग. त्यामुळे शीग लावून आठ कोळवी घेतली काय किंवा शीग लावून एक शेर घेतला काय, पदरात सारखंच पडतं. मापं बनवणाऱ्या तांबटानं घनमुळं काढली असतील असं नाही. पाणी भरून, ओतून, काठ घासूनच त्यानं दुप्पट साधली असणार. पण घाट कायम ठेवायचा हे त्याला ठाऊक होतं, आणि तेवढ्यानं गिऱ्हाइकाचं हित राखलं गेलं. १९५६ च्या कायद्यानं मेट्रिक पद्धत आली, १९५८ पासून ती टप्प्याटप्प्यानं लागू झाली, आणि धान्य वजनावर गेलं. शीग त्याबरोबर व्यवहारातून गेली. भाषेत मात्र ती अजून शिगेला पोचते.

मोजण्याकडून साठवण्याकडे वळलं की पुन्हा रुंदीचाच मुद्दा निघतो. कणगी पाहिली असेल. बांबूच्या कामट्यांची विणलेली, शेणामातीनं लिंपलेली. समजा, आपल्याकडे विणलेला एकच तट्ट्या आहे, १२ फूट लांब आणि ६ फूट रुंद. तो गोल वळून कणगी करायची, बूड आणि झाकण वेगळं. आडवा वळला तर घेर १२ फूट आणि उंची ६ फूट. उभा वळला तर घेर ६ फूट, उंची १२ फूट. तट्ट्या तोच, कामट्या त्याच, जोड सांधायची जागा सोडली तर एक काडीही जास्त नाही. पण पहिल्या कणगीत सुमारे ६९ घनफूट धान्य मावतं, दुसरीत त्याच्या निम्मंच. घरी दोन कोरे कागद वळून, तळाला ताट धरून, चुरमुरे भरून हे करून पाहता येतं. साध्या छपाईच्या कागदावर फरक निम्म्याचा नसून दीडपटीच्या थोडा आत येईल, कारण त्याची लांबी रुंदीच्या तेवढीच पट असते. पत्रा किंवा तट्ट्या ठरलेला असेल, तर वळलेल्या पिंपाचं घनफळ उंचीच्या उलट प्रमाणात जातं.

गॅलिलिओनं १६३८ साली लायडनला छापून आलेल्या, दोन नव्या शास्त्रांवरच्या आपल्या ग्रंथात हेच उदाहरण घेतलं आहे. त्याच्याकडचे शेतकरी धान्यासाठी कापडाची पोती करत आणि तळाला लाकडी फळी बसवत. कापडाची आखूड बाजू उंचीला धरली आणि लांब बाजू फळीभोवती फिरवली की पोत्यात जास्त धान्य जातं, हे तो सिद्ध करून दाखवतो. इतका मोठा माणूस पोत्याच्या प्रश्नाला आपल्या शेवटच्या ग्रंथात जागा देतो, याचं मला फार कौतुक वाटतं. त्याच ग्रंथात पुढे तो हाडांकडे वळतो: प्राणी सगळ्या बाजूंनी वाढला तर त्याचं वजन घनाच्या हिशेबानं वाढतं आणि हाडाची ताकद त्याच्या छेदाच्या, म्हणजे वर्गाच्या हिशेबानं. म्हणून मोठ्या प्राण्याची हाडं नुसती लांब असून भागत नाही, ती बेढब वाटावीत इतकी जाड व्हावी लागतात.

घन आणि वर्ग यांची ही ओढाताण लग्नाच्या स्वयंपाकात रोज दिसते. घरच्या पातेल्याच्या सगळ्या बाजूंनी दुप्पट पातेलं घेतलं, तर भात आठपट मावतो, पण बूड चौपटच असतं. बुडाच्या प्रत्येक वीतभर जागेवर दुप्पट भात बसलेला. चूल त्याच मानानं मोठी केली तरी आधण यायला जवळपास दुप्पट वेळ जातो. निवतानाही तसंच. आठपट भाताला चौपटच अंग वाऱ्याला लागतं, म्हणून मोठ्या पातेल्यातला भात आतून तासन्‌तास गरम राहतो, वाफ धरतो आणि चिकट होतो. आचारी तो परातीत पसरून ठेवतात ते याचसाठी. पसरला की दंडगोल बुटका आणि रुंद होतो, अंग वाढतं, भात मोकळा होतो.

नळाचं एका वाक्यात सांगता येईल. एक इंची नळाच्या जागी अर्धा इंची दोन नळ टाकले तर पाणी निम्मंच, चार हवेत. आणि बारीक नळात घर्षण जास्त असल्यामुळे चारही खरं तर कमीच पडतात.

विहिरीचा हिशेब मात्र सावकाश करण्यासारखा आहे, कारण त्यात लोकांची आयुष्यभराची कमाई जाते. ६ मीटर रुंद विहिरीत एक मीटर पाणी असेल तर ते सुमारे २८,३०० लिटर. तीच विहीर रुंदीला साडेआठ मीटर केली, म्हणजे जेमतेम चाळीस टक्क्यांनी वाढवली, की मीटरभर पाण्याचे दुप्पट लिटर होतात. खोदाई काही फुकट होत नाही. जेवढी जागा पाण्याला मिळते तेवढीच माती आणि मुरूम वर काढावा लागतो. पण बांधून काढायची भिंत घेराच्या हिशेबानं वाढते, म्हणजे तीही चाळीस टक्केच.

आता बोअरवेल बघा. साडेसहा इंची बोअर म्हणजे साडेसोळा सेंटीमीटर. त्यात एक मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ असेल तर तो फक्त २१ लिटर. एका मोठ्या बादलीत मावेल एवढा. बोअरमध्ये दोनशे फूट पाणी उभं आहे हे ऐकून केवढा दिलासा वाटतो. पण दोनशे फूट म्हणजे सुमारे ६१ मीटर आणि त्यात १,३०० लिटर पाणी, घराच्या गच्चीवरच्या टाकीएवढं. विहीर बोअरपेक्षा ३६ पट रुंद, म्हणून मीटरामागे १,३०० पटीहून जास्त पाणी धरते. सहा मीटरच्या विहिरीतलं एक मीटर पाणी साठवायला सव्वा किलोमीटरहून लांब बोअर लागेल. बोअर मुळात साठवत नाहीच. काळ्या पाषाणाच्या भेगांतून पाणी झिरपून येत राहतं तोवर ती चालते, झिरपणं थांबलं की दोनशे फुटांचा तो स्तंभ घटका-दोन घटकांत उपसून संपतो. विहिरीत पाणी दिसतं, कमी होताना दिसतं, आणि माणूस वेळीच सावध होतो.

विहिरी, बादल्या, तोंडाशी रुंद आणि तळाशी अरुंद असलेली सगळीच भांडी, यांच्यासाठी लीलावतीतच सुंदर रीत आहे, खातव्यवहारात. तोंडाचं क्षेत्रफळ घ्यायचं, तळाचं घ्यायचं, आणि तोंड व तळ यांच्या मापांची बेरीज करून त्या मापाचं क्षेत्रफळ घ्यायचं. तिघांची बेरीज, भागिले सहा, गुणिले खोली. उत्तर अंदाजी नाही, तंतोतंत येतं. माझ्या न्हाणीतली बादली तोंडाशी २८ सेंटीमीटर, तळाशी २० आणि २५ खोल आहे. या रीतीनं ११.४ लिटर. आणि निम्म्या उंचीपर्यंत भरली तर ४.८ लिटरच, निम्म्याला बरीच कमी. अर्धी बादली पाणी वापरतो असं म्हणणारा माणूस खरं तर सुमारे ४२ टक्के बादलीतच भागवत असतो.

शेवटी टँकर. उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या, माणदेशातल्या गावांना ज्याची वाट पाहावी लागते तो. टँकर म्हणजे आडवा पाडलेला दंडगोल, आणि आडवा पाडला की उंचीचा हिशेब पुन्हा फसवा होतो. उभ्या पिंपात काठी बुडवली आणि ती चौथाई ओली झाली, तर पाणी चौथाई असतं. आडव्यात तसं नाही. तळाशी गोलाई आत वळलेली असते, म्हणून चौथाई काठी ओली झाली तरी पाणी पाचव्या हिश्श्याहूनही किंचित कमी, साडेएकोणीस टक्के. १२,००० लिटरच्या टँकरला काठीवरून ३,००० लिटर वाटतात, असतात २,३४६. काठीचा दहावा भाग ओला असेल तर १,२०० वाटतात आणि असतात ६२४, जवळपास निम्मे. वरच्या अंगाला उलट होतं. पाणी काठीच्या नऊ दशांशावर असेल तर टँकर ९५ टक्के भरलेला असतो. झाकणाखाली थोडी जागा दिसली म्हणून भरणाऱ्याशी भांडण्यात अर्थ नाही.

कित्येक टँकर गोल नसतात, आडवे पसरट, लंबवर्तुळाकार असतात. त्यांच्यासाठी वेगळा हिशेब लागेल असं मला बरीच वर्षं वाटत होतं. लागत नाही. लंबवर्तुळ म्हणजे एकाच दिशेनं ताणलेलं वर्तुळ. गोल टँकर रुंदीत दीडपट ताणला तर पाण्याचा प्रत्येक आडवा थर दीडपट रुंद होतो, तळाचाही, मधलाही, वरचाही. सगळं पाणी दीडपट, सगळी टाकी दीडपट, म्हणून हिस्सा तोच राहतो. गोल टँकरसाठी केलेल्या खुणा पसरट टँकरलाही चालतात. फक्त उंची मोजायची.

त्या खुणा अशा. टाकीची आतली उंची तळापासून झाकणापर्यंत मोजा. तिच्या ३० टक्क्यांवर पाव टँकरची खूण, ५० वर अर्ध्याची, ७० वर पाऊण टँकरची. टाकी १२० सेंटीमीटर उंच असेल तर ३६, ६० आणि ८४ सेंटीमीटरवर. सरळ बांबूच्या काठीवर ऑइल पेंटनं तीन पट्टे ओढून काठी ग्रामपंचायतीच्या दाराशी ठेवायची, आणि टँकर आला की विहिरीत ओतायच्या आधी झाकण उघडून ती बुडवायची, टँकर सपाट जागेवर उभा आहे ना ते पाहून.

शेतावर डिझेलचं २०० लिटरचं पिंप आडवं ठेवलेलं असेल, तर तिथंही हीच काठी. पिंपाचा आतला व्यास सुमारे ५७ सेंटीमीटर असतो. खुणा १७, साडेअठ्ठावीस आणि ४० वर.